बाबांच्या मेंदूची चित्रं आणि निदानापर्यंतचे सात महिने

बाबांचं निदान हाती आलं त्याला आता दीड महिना झाला. त्याआधीचे जवळपास सात महिने मी रात्री सगळे झोपल्यावर फोनवर एकच गोष्ट शोधत बसायचे: एमआरआयमध्ये डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, दिसतो का, आणि दिसला तर कोणता ते कळतं का. जे सापडायचं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर जीव घाबरा करणारं. म्हणून आमचं जसं झालं तसं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मला समजावून सांगितलं गेलं आणि मी वहीत टिपून ठेवलं, तेवढंच इथे आहे.

बाबा 75 वर्षांचे. उभं आयुष्य लेथ मशीनवर, टर्नर म्हणून गेलं. केसाइतका फरकही बोटाला कळणारा माणूस. गेल्या वर्षीपासून त्यांना घड्याळ बघून वेळ सांगताना अडखळायला व्हायचं, शर्टाची बटणं वर-खाली लागायची, रोजच्या जिन्यावर पायरीचा अंदाज चुकायचा. काही दिवस अगदी पहिल्यासारखे, काही दिवस समोर बसूनही तिथे नसल्यासारखे. आम्ही या सगळ्याला एकच शब्द लावला: विसरतात. पुढचा बराच घोळ त्या एका शब्दाने केला.

12 फेब्रुवारीला पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. 30 गुणांची छोटी चाचणी झाली, बाबांना 22 मिळाले. गुण कुठे गेले हे मी तेव्हा पाहिलंच नाही. नंतर कळलं की थोड्या वेळापूर्वी सांगितलेले शब्द त्यांना बहुतेक आठवले होते. गुण गेले होते ते घड्याळाचं चित्र आणि आकृती उतरवून काढण्यात. चाचणीचा कागद मागून घ्या, नुसता एकूण आकडा नको. रक्ताच्या तपासण्या झाल्या, बी-12 आणि थायरॉइडसह, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असा होऊ शकतो. दोन्ही ठीक आले. मग एमआरआयची चिठ्ठी मिळाली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘विस्मरण, वय 75’.

एमआरआयची तारीख 3 मार्च. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. तिथे जो फॉर्म भरायचा असतो त्यात पेसमेकर, शस्त्रक्रियेतल्या क्लिपा, कानातली यंत्रं असे प्रश्न असतात. मी भराभर ‘नाही’वर खुणा करत होते. एक प्रश्न होता: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? बाबा शेजारून शांतपणे म्हणाले, ‘‘दोनदा गेला होता. लेथवर.’’ झालं. एवढा जोरदार चुंबक लोखंडाचा बारीक कणही जागचा हलवू शकतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. कण नव्हता, पण त्या दिवसाची वेळ हुकली आणि पुढची 9 मार्चची मिळाली. घरात कोणी लेथ, ग्राइंडर किंवा वेल्डिंगवर काम केलेलं असेल तर हे नाव नोंदवतानाच सांगा.

9 तारखेला पहिल्याच ठोक्यांना बाबा घाबरले आणि हातातला रबरी फुगा दाबून बाहेर आले. तंत्रज्ञ मुलगी फार समजूतदार होती. तिने आईच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतलं, तिचीही तपासणी केली आणि तिला आत बाबांच्या पायावर हात ठेवून उभं राहू दिलं. दोघांच्या कानात बोळे. 35 मिनिटं आई तशीच उभी होती. सोबत कोणी आत येऊ शकतं का, हे विचारायला लाजू नका.

11 मार्चला अहवाल आला. ‘वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन. लहान रक्तवाहिन्यांचे सौम्य बदल. गाठ, रक्तस्राव किंवा ताजा स्ट्रोक नाही.’ हायसं वाटलं, आणि हातात काहीच आलं नाही असंही वाटलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे, बहुतेक अल्झायमरची सुरुवात असावी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

एप्रिलचं मला अजूनही नीट लिहवत नाही. बाबा रात्री ओरडून उठायला लागले, एकदा पलंगावरून पडले. मी फोनवर सांगितलं, ‘‘रात्री फार आक्रमक होतात.’’ पुन्हा माझाच शब्द. शांत राहावेत म्हणून हॅलोपेरिडॉलचा अगदी लहान डोस सुरू झाला. चौथ्या दिवशी बाबा लाकडासारखे ताठ. खुर्चीतून उठता येईना, तोंडातून लाळ, चेहऱ्यावर काही नाही. बाथरूमच्या दारात पडले आणि डोकं आपटलं. दादा आणि मी त्यांना तातडीच्या विभागात घेऊन गेलो. तिथे सीटी स्कॅन झाला. सीटीला काही मिनिटंच लागतात आणि ताजं रक्त त्यात चांगलं दिसतं. पडल्यानंतर वयस्कर माणसाच्या कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं, आणि तेसुद्धा डिमेन्शियासारखं दिसू शकतं, हे तिथे कळलं. रक्त नव्हतं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी औषधांची यादी बघितली, ती गोळी ताबडतोब बंद केली आणि चिठ्ठीवर लिहिलं: ‘स्मृतिभ्रंशतज्ज्ञ न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं’. ताठरपणा हळूहळू उतरला, पण पूर्ण गेला नाही. चालताना पाय घासत राहिले.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला पावणेचार आठवडे लागले. 9 मे. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी बाबांशी बराच वेळ बोलून घेतलं. मग बाबांना बाहेर दादाजवळ बसवून आईला आणि मला आत ठेवलं. पहिला प्रश्न विसरण्याचा नव्हता. ‘‘झोप कशी आहे त्यांची? झोपेत हातपाय मारतात?’’

आई म्हणाली, ‘‘दहा वर्षं झाली. म्हणून तर मी खाली झोपते.’’

मी तिच्याकडे बघतच राहिले. आम्हाला वाटायचं ती पाठीसाठी खाली झोपते.

‘‘घरात नसलेलं काही दिसतं का त्यांना?’’

आई गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘एक लहान मुलगा दिसतो. कपाटापाशी उभा असतो. बोलत नाही. ह्यांनी मला सांगितलं, पण कुणाला सांगू नको म्हणाले. लोक वेडा म्हणतील. मी म्हणते, थांबा, त्याला घरी पाठवते. मग जातो.’’

मला रडू आलं. राग आईवर नव्हता. इतके महिने ती एकटी त्या मुलाला घरी पाठवत होती आणि मी शेजारच्या खोलीत फोनवर लक्षणं शोधत होते.

डॉक्टरांनी एमआरआयची सीडी मागितली. मी छापील फिल्म पुढे केली, पण त्यांना सीडीच हवी होती, कारण तिच्यातली सगळी चित्रं एकामागून एक सरकवून पाहता येतात. सीडी नेहमी मागून घ्या आणि तिची एक प्रत करून ठेवा. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. ती वीस मिनिटं मला आयुष्यभर पुरतील.

आधी हिप्पोकॅम्पस दाखवला, कानामागे दोन्ही बाजूंना आत, आठवणी साठवण्याच्या कामातला भाग. अल्झायमरमध्ये तो बहुधा लवकर झिजतो. त्या झिजेला 0 ते 4 असे अंक देतात. ही पद्धत 1992 साली फिलिप स्केल्टन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. बाबांचा अंक दोन्ही बाजूंना 1. ‘‘पंच्याहत्तरीला एवढं असणारच,’’ डॉक्टर म्हणाल्या. मग पांढरे डाग. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या प्रकारात लहान रक्तवाहिन्यांचं नुकसान पांढरं दिसतं, त्यालाही 0 ते 3 असा अंक असतो. बाबांचा 1, म्हणजे तुरळक ठिपके. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात डाग एकमेकांत मिसळलेले असतात, किंवा थॅलॅमससारख्या मोक्याच्या जागी एखादा जुना स्ट्रोक असतो. रक्ताचे सूक्ष्म ठिपके टिपणाऱ्या प्रकारातही काही नव्हतं. कपाळामागचा आणि कानापुढचा भाग सुरीच्या पात्यासारखा पातळ झालेला नव्हता. तसा झाला असता तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा संशय आला असता. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोजल्या. त्यांच्या रुंदीचं कवटीच्या आतल्या रुंदीशी प्रमाण 0.3च्या वर गेलं तर पोकळ्या फुगल्यात असं धरतात आणि पाणी साचण्याच्या आजाराचा विचार करतात. त्यात चाल घासटते, लघवी सुटते, बुद्धी मंदावते, आणि शंट, म्हणजे साचलेलं पाणी काढणारी नळी, बसवून काहींना फरक पडतो. बाबांचं प्रमाण 0.27.

मी विचारलं, ‘‘म्हणजे एमआरआय नॉर्मल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही. तो बोलतोय. हिप्पोकॅम्पस एवढा शाबूत असणं हीच माहिती आहे. पण ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना चिठ्ठीत फक्त विस्मरण लिहून आलं होतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं.’’

त्यांचा संशय होता लेवी बॉडी डिमेन्शियाचा. फ्रेडरिक लेवी या डॉक्टरांनी 1912 साली पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत जे सूक्ष्म गोळे पाहिले, तेच गोळे यात मेंदूत पसरतात. कमी-जास्त होणारं भान, दिसणारी माणसं, झोपेत स्वप्नं प्रत्यक्ष करणं आणि पार्किन्सनसारखी हालचाल, या चार मुख्य खुणा. पण बाबांच्या बाबतीत प्रत्येक खुणेला दुसरं कारण चिकटलेलं होतं. मोतीबिंदू पिकलेला, आणि नजर अधू झालेल्यांनाही नसलेलं दिसू शकतं. सहा वर्षं नैराश्याची गोळी चालू, आणि तिनेही झोपेतले हातपाय सुरू होऊ शकतात. आईने सांगितलेली दहा वर्षं गोळीच्या आधीची होती, पण ती नेमकी किती आधीची हे आईलाही छातीठोक सांगता येईना. ताठरपणा हॅलोपेरिडॉलनंतर आलेला. आणि लेवी बॉडीचे गोळे थेट दाखवेल असा स्कॅन नेहमीच्या वापरात नाही. जे आहेत ते त्यांनी मागे सोडलेल्या पाऊलखुणा दाखवतात. म्हणून दोन प्रश्न ठरले आणि दोन स्कॅन: मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय हे पेट स्कॅनने, आणि डोपामिनचे, म्हणजे हालचालीला लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचे, धागे खरोखर कमी झालेत की ताठरपणा नुसता गोळीचा परिणाम होता हे डॅट स्कॅनने.

पेट स्कॅनचा खर्च एमआरआयच्या कित्येक पट होता. विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज 14 मेला टाकला. 25 मेला नकार आला: पेट कर्करोगासाठी मंजूर होतो, स्मृतिभ्रंशासाठी नाही. मी हताश झाले, पण डॉक्टरांच्या सहायकांना हे रोजचं होतं. त्यांनी एका पानाचं पत्र तयार करून दिलं. संशयित दोन आजार कोणते, एमआरआयने का उलगडा झाला नाही, उत्तरावर उपचारातला कोणता निर्णय अवलंबून आहे, आणि एका औषधाने आधीच काय झालंय. सोबत तातडीच्या विभागाची चिठ्ठी, सीटीचा आणि एमआरआयचा अहवाल. 27 जूनला अंशतः मंजुरी आली, उरलेलं आम्ही भरलं. प्रत्येक फोनची तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि अर्जाचा क्रमांक वहीत होता म्हणूनच मी तग धरला.

8 जुलैला पेट. सहा तास उपाशी, फक्त पाणी. बाबांना मधुमेह नाही, तरी आधी बोटातून साखर तपासली, कारण रक्तात साखर जास्त असेल तर मेंदू टोचलेली साखर नीट उचलत नाही. या साखरेला फ्लोरिन-18 जोडलेलं असतं आणि त्याची किरणोत्सारिता 110 मिनिटांत निम्मी होते, म्हणून वेळ चुकवायची नाही. सुई दिल्यावर बाबांना अंधाऱ्या खोलीत अर्धा तास एकटं, न बोलता पडून राहायला सांगितलं. मी सवयीने त्यांच्या हातात फोन द्यायला गेले, नर्सने अडवलं. त्या अर्ध्या तासात मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर ओढतो. फोन बघितला असता तर डोक्याच्या मागचा, बघण्याचा भाग उगाच उजळला असता, आणि आमचा प्रश्न नेमका त्याच भागाबद्दल होता. प्रत्यक्ष स्कॅन वीस मिनिटांत झाला, आवाजही नाही. नंतर भरपूर पाणी प्यायचं आणि काही तास गर्भवती स्त्रिया व लहान मुलांपासून अंतर ठेवायचं.

अहवाल 12 जुलैला आला आणि यावेळी तो आमच्याच प्रश्नाचं उत्तर होता. डोक्याच्या मागचा ऑक्सिपिटल भाग दोन्ही बाजूंना मंद. कडेचे पॅरायटल भागही थोडे मंद. पण मधोमध, मागच्या बाजूला पोस्टिरिअर सिंग्युलेट नावाची पट्टी उजळच. अल्झायमरमध्ये ही पट्टी आधी मावळणाऱ्यांपैकी असते. इथे ती भोवतालच्या अंधारात बेटासारखी उरली होती, आणि त्याला खरंच बेटाची खूण म्हणतात, ‘सिंग्युलेट आयलंड’. चाचणीत घड्याळ का जमलं नव्हतं, पायरी का चुकायची, ते मला त्या चित्रात दिसलं.

डॅट स्कॅन सगळीकडे होत नाही आणि त्याचं औषध त्या दिवसापुरतं मागवावं लागतं. त्यातल्या आयोडिन-123ची किरणोत्सारिता साधारण 13 तासांत अर्धी होते. आमची 4 ऑगस्टची तारीख औषध न पोहोचल्यामुळे सकाळी सात वाजता रद्द झाली, बाबा कपडे करून बसले होते. पुन्हा 21 ऑगस्ट. आधी सगळ्या गोळ्यांची यादी पाठवायची होती, कारण काही औषधं चित्र बिघडवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, विचारून. सुईच्या तासभर आधी थायरॉइडच्या रक्षणासाठी आयोडिन प्यायला दिलं. सुईनंतर तीन तासांहून जास्त थांबायचं, मग चाळीस मिनिटं डोकं अजिबात न हलवता. हे सगळ्यात कठीण गेलं. दिवसाची कोणती वेळ तुमच्या माणसाची बरी असते ते बघून, स्कॅन त्याच वेळी येईल अशी सुई मागून घ्या. आम्ही सकाळची सुई घेतली, म्हणून स्कॅन दुपारी बाराच्या सुमारास आला, बाबांच्या चांगल्या वेळेत.

2 सप्टेंबरला डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी ठेवली. निरोगी मेंदूत डोपामिनचा भाग दोन्हीकडे स्वल्पविरामासारखा दिसतो, डोकं आणि शेपटी. बाबांच्या चित्रात शेपट्या नव्हत्या. दोन पूर्णविराम. ताठरपणा नुसता गोळीमुळे असता तर स्वल्पविराम जागच्या जागी दिसले असते. गोळीने फक्त आधीच विरलेला धागा उघडा पाडला होता.

मी अमायलॉइड पेटबद्दल, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन दाखवणाऱ्या स्कॅनबद्दल विचारलं, इतकं वाचलं होतं त्याबद्दल. त्या म्हणाल्या, आता नको. लेवी बॉडीच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत अमायलॉइडही सापडतं, धडधाकट म्हाताऱ्यांच्याही सापडतं. सापडलं तर आपण आज काही वेगळं करणार नाही. एका खर्चिक तपासणीला डॉक्टरांनी स्वतःहून नको म्हणणं मला फार धीराचं वाटलं. निदानापुढे त्यांनी ‘संभाव्य’ असा शब्द लिहिला आणि हेही सांगितलं की जिवंत माणसात यापुढे जाता येत नाही. 2017 मध्ये ठरलेल्या निकषांत याच पायरीला हा शब्द आहे.

बाबा या वेळी आतच होते. त्यांना लपवून काही करायचं नाही असं आईने आधीच बजावलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि विचारलं, ‘‘किती सूत झिजलंय?’’

डॉक्टर क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘‘शेपट्या गेल्यात, डोकी शाबूत आहेत. झीज भरून येणार नाही. पण मशीन चालवता येईल, हळू गतीवर.’’

बाबांनी मान हलवली. ‘‘आणि तो मुलगा?’’

‘‘तो डोक्याच्या या मंद भागामुळे दिसतो. तुम्ही वेडे नाही.’’

बाबांनी आईकडे बघितलं. किती महिन्यांनी त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

रिव्हास्टिग्मीन हे डिमेन्शियावरचं औषध सुरू झालं, हळूहळू वाढवत. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मी निदान आणि टाळायच्या औषधांची यादी मोठ्या अक्षरात चिकटवली आहे, हॅलोपेरिडॉल सगळ्यात वर, आणि तोच कागद दादाच्या व माझ्या फोनमध्येही आहे. ऑपरेशनच्या भूलतज्ज्ञांना तो परवाच दाखवून आले. त्यांनी दोनदा वाचला आणि त्याची प्रत ठेवून घेतली.

मुलगा अजून येतो, आठवड्यातून एखाद्या वेळी. आता बाबा ते सगळ्यांसमोर सांगतात. काल संध्याकाळी म्हणाले, ‘‘आलाय बरं का.’’ आईने दिवा लावला, कपाटाकडे बघून म्हणाली, ‘‘जा रे घरी, उशीर झाला,’’ आणि बाबा पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले.